ओळखी आपल्या, जागा दुसऱ्याची
(नेटवर्किंग साइटवर खाते काढण्यापूर्वी समजून घ्यावे असे काही)



दहावी-बारावीचे निकाल लागले की शाळेत दोन प्रश्न हमखास येतात. मुले विचारतात, "लिंक्डइनवर खाते काढले तर पुढे नोकरीला उपयोग होतो का?" पालक विचारतात, "मुलांना फेसबुक-इन्स्टाग्रामवर जाऊ द्यावे की नाही?" दोन्ही प्रश्न खरे तर एकच आहेत. या साइट आपल्याला काय देतात आणि त्याबदली काय घेतात, हे कळले की उत्तर ज्याचे त्याला देता येते. म्हणून या अंकात हा विषय थोडा विस्ताराने मांडला आहे.

ओळखींचे जाळे नवे नाही

इंदूरच्या मराठी माणसाला नेटवर्क म्हणजे काय हे वेगळे शिकवावे लागत नाही. होळकरांच्या काळापासून आपली घरे इथे आहेत. पण लेकी पुण्या-मुंबईला दिल्या, मुले शिकायला नागपूरला नाही तर बंगळुरूला गेली, कुणी परदेशी स्थायिक झाले. गावाबाहेर पडणाऱ्या मुलाच्या हाती घरचे लोक दोन वस्तू देत: वाटेतला डबा आणि कुणाच्या तरी नावाचे पत्र. "अमक्यांच्या आतेभावाकडे जा, ते खोली बघून देतील," एवढ्यावर परक्या शहरात पाय रोवता येत असे. गणपतीतले कार्यक्रम, हळदीकुंकू, वधू-वर सूचक मंडळ, वाचनालय या सगळ्यांतून जे तयार होत असे ते ओळखींचे जाळेच होते. फरक एवढाच की ते कागदावर किंवा पडद्यावर दिसत नसे. ते आजीच्या आणि मंडळाच्या कार्यवाहांच्या डोक्यात असे.

हे जाळे किती दूरवर पोहोचते याचा एक प्रयोग अमेरिकेत १९६० च्या दशकात स्टॅन्ली मिलग्रम या मानसशास्त्रज्ञाने केला. नेब्रास्का आणि बॉस्टन भागातील २९६ लोकांना त्याने एक काम दिले. बॉस्टनमध्ये काम करणाऱ्या एका अनोळखी शेअर दलालापर्यंत एक पाकीट पोहोचवायचे. पण थेट पाठवायचे नाही. आपण ज्याला प्रत्यक्ष ओळखतो अशा माणसाकडे द्यायचे, त्याने ते त्याच्या ओळखीच्या माणसाकडे द्यायचे, असे करत करत. शेवटी ६४ पाकिटे पोहोचली आणि मध्ये सरासरी पाच माणसे लागली. पुढे फेसबुकने २०११ मध्ये आपल्या सुमारे ७२ कोटी खात्यांची मोजणी केली, तेव्हा कोणत्याही दोन माणसांमध्ये सरासरी ३.७४ मधली माणसे निघाली; २०१६ मध्ये ती ३.५७ झाली.

जग लहान आहे, हा या प्रयोगाचा प्रसिद्ध अर्थ. पण दुसरा अर्थही तितकाच महत्त्वाचा आहे. २९६ पैकी २३२ पाकिटे पोहोचलीच नाहीत. वाट नव्हती असे नाही. वाटेत कुणीतरी ते पुढे पाठवलेच नाही. म्हणजे साखळी असणे पुरेसे नाही, प्रत्येक कडीने मनावर घ्यावे लागते. साइट आपल्याला साखळी दाखवते. मनावर घेणारा माणूस मात्र ती देऊ शकत नाही. तो आपल्या वागण्याने मिळवावा लागतो.

दूरच्या ओळखीचे मोल

मग या साइटचा खरा उपयोग कशात आहे? याचे उत्तर साइट निघण्याच्या कितीतरी आधी, १९७३ मध्ये, मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने दिले होते. बॉस्टनजवळच्या एका उपनगरात ओळखीतून नोकरी मिळालेल्या लोकांना त्याने विचारले: ज्याने नोकरीची बातमी दिली तो माणूस तुम्हाला त्या काळात किती वेळा भेटत असे? वारंवार भेटणारा असे सांगणारे जेमतेम १७ टक्के होते. ५५ टक्क्यांहून अधिक लोकांनी सांगितले की तो अधूनमधून भेटणारा होता, आणि जवळजवळ २८ टक्क्यांनी सांगितले की तो क्वचितच भेटत असे.

कारण सोपे आहे. आपले सख्खे मित्र आणि नातलग आपल्याच वर्तुळात फिरतात. जे त्यांना माहीत असते ते बहुधा आपल्यालाही माहीत असते. दूरच्या ओळखीचा माणूस वेगळ्या वर्तुळात असतो, म्हणून त्याच्याकडे आपल्याला नवी असलेली बातमी असते. लिंक्डइनवरच पाच वर्षे चाललेल्या आणि दोन कोटींहून अधिक लोकांचा समावेश असलेल्या प्रयोगाचा निष्कर्ष २०२२ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यातही नोकरी बदलण्यासाठी घट्ट ओळखीपेक्षा मध्यम दूरची ओळख अधिक उपयोगी ठरते, असे दिसून आले. अगदीच नावापुरती ओळख मात्र तितकी कामाची ठरली नाही.

आपल्या मुलांच्या दृष्टीने पाहा. समजा, दहा-बारा वर्षांपूर्वी आपल्या शाळेतून बाहेर पडलेली एक मुलगी आज हैदराबादला औषधनिर्मितीच्या क्षेत्रात काम करते. बारावीच्या एखाद्या मुलाला फार्मसीला जायचे आहे. घरात कुणालाच त्यातले काही माहीत नाही. तो तिला ओळखत नाही, पण दोघांचे शिक्षक तेच, पटांगण तेच. ही ती दूरची ओळख. पूर्वी ती शोधायला गॅदरिंगची वाट पाहावी लागे. आज ती पाच मिनिटांत सापडते. नेटवर्किंग साइटचे खरे देणे ते हेच.

घरची बैठक आणि कचेरीची बैठक

सगळ्या साइट एकाच कामाच्या नसतात. २००२ मध्ये फ्रेंडस्टर निघाली. ५ मे २००३ रोजी लिंक्डइन सुरू झाली. २००४ च्या जानेवारीत गूगलने ऑर्कुट आणली आणि फेब्रुवारीत हार्वर्ड विद्यापीठात फेसबुक निघाली; सप्टेंबर २००६ पासून ती तेरा वर्षांवरील सर्वांना खुली झाली. इन्स्टाग्राम २०१० ची. या सर्वांतून दोन मुख्य घराणी झाली.

पहिले घराणे वैयक्तिक संबंधांचे. फेसबुक, इन्स्टाग्राम यांवर आपण मित्र-नातलगांशी फोटो, बातम्या, वाढदिवस वाटून घेतो. ही घरची बैठक. इथे आपण कोण आहोत यापेक्षा आपले कसे चालले आहे, हे सांगितले जाते.

दुसरे घराणे व्यावसायिक संबंधांचे. त्यात लिंक्डइन सर्वांत मोठी. २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टने ती २,६२० कोटी डॉलरना विकत घेतली. इथले आपले पान म्हणजे चालता-बोलता बायोडेटा: शिक्षण, काम, कौशल्ये. आपण ज्यांना थेट जोडलेले असतो ते पहिल्या पातळीचे, त्यांच्या ओळखीचे ते दुसऱ्या पातळीचे, त्यापुढचे तिसऱ्या पातळीचे, अशी ही साइट सरळ मांडणी करून दाखवते. मिलग्रमची पाकिटे ज्या वाटेने गेली ती वाट इथे आधीच आखून ठेवलेली असते, असे म्हणा ना.

दोन बैठकांमध्ये गल्लत करू नये. घरच्या बैठकीतली थट्टा कचेरीत शोभत नाही, आणि कचेरीतल्या माणसाला आपल्या घरातले सगळे ठाऊक असण्याचे कारण नाही. ज्याच्याशी केवळ कामाची ओळख आहे त्याची मैत्रीची विनंती वैयक्तिक खात्यावर स्वीकारलीच पाहिजे असे नाही. हा उद्धटपणा नव्हे. दिवाणखाना आणि माजघर यांत आपल्याकडे फरक पूर्वीपासून आहेच.

फुकट कसे परवडते?

या साइट वापरायला पैसे लागत नाहीत. मग कंपन्या चालतात कशावर? मुख्यतः जाहिरातींवर. आपण काय वाचतो, कुठे थांबतो, कुणाशी बोलतो, यावरून आपल्या आवडीनिवडींचा अंदाज बांधला जातो आणि त्यानुसार जाहिराती दाखवल्या जातात. लिंक्डइनसारख्या साइट याशिवाय नोकरी देणाऱ्या कंपन्यांकडून आणि जास्त सोयी हव्या असणाऱ्या सभासदांकडून पैसे घेतात. पानावर काय आधी दिसावे हेही गणिताने ठरते. आपण जास्त वेळ थांबावे हा त्या गणिताचा एक हेतू असतो. म्हणून "पाच मिनिटे बघतो" म्हणून बसलेले मूल तासाभराने उठते. त्यात त्याच्या मनोनिग्रहाचा दोष थोडा आणि त्या रचनेची करामत जास्त.

दुसरी गोष्ट अशी की आपण फक्त आपली माहिती देत नाही. आपल्या ओळखीच्या लोकांचीही देतो. याचे उदाहरण २०१८ मध्ये साऱ्या जगाने पाहिले. फेसबुकवर व्यक्तिमत्त्व चाचणीचे एक अ‍ॅप काही वर्षांपूर्वी फिरत होते. ते घेणाऱ्याच्या माहितीबरोबर त्याच्या मित्रांची माहितीही उचलली गेली आणि केंब्रिज अ‍ॅनालिटिका या राजकीय सल्लागार कंपनीकडे पोहोचली. फेसबुकने दिलेल्या आकड्यांनुसार भारतात ते अ‍ॅप फक्त ३३५ जणांनी घेतले होते. पण माहिती गेली असण्याची शक्यता होती ती ५,६२,४५५ लोकांची. ३३५ जणांनी होकार दिला, बाकीच्या साडेपाच लाखांहून अधिक लोकांना कुणी विचारलेही नाही.

खाते काढताना साइट विचारते, "तुमच्या फोनमधील नावे-नंबर घेऊ का?" तिथे हा आकडा आठवावा आणि 'नाही' म्हणावे. त्या यादीत आपल्या डॉक्टरांचा, वर्गशिक्षकांचा, आजोबांचा नंबर असतो; तो देण्याचा अधिकार आपला नव्हे. अमेरिकेत लिंक्डइनवर एक खटला झाला होता: सभासदांच्या ओळखीच्या लोकांना त्यांच्या नावाने पुन्हा पुन्हा स्मरणपत्रे जातात, अशी तक्रार होती. २०१५ मध्ये कंपनीने १ कोटी ३० लाख डॉलर देऊन तो मिटवला.

भाड्याची जागा

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. या साइटवर ओळखी आपल्या असतात, पण जागा दुसऱ्याची असते. घरमालकाने घर मोडायला काढले तर भाडेकरूला निघावे लागते, तसेच इथे होते.

ज्या पालकांनी २००५ ते २०१० या काळात कॉलेज केले त्यांना ऑर्कुट आठवत असेल. ब्राझील आणि भारत हे तिचे मोठे देश होते. शाळांचे, गावांचे, गाण्यांच्या आवडीचे असंख्य समूह तिथे होते. मित्रांनी एकमेकांविषयी लिहिलेले चार शब्द होते. ३० सप्टेंबर २०१४ रोजी ती बंद झाली. आपली माहिती उतरवून घ्यायला दोन वर्षे दिली होती. समूहांमधील जुने संवाद वाचायला ठेवले होते, तेही २०१७ मध्ये काढले गेले. ज्यांनी वेळेवर प्रत काढली त्यांच्याकडे फोटो राहिले, बाकीच्यांचे गेले.

हे एकच उदाहरण नाही. फ्रेंडस्टरने २०११ मध्ये सभासदांचे जुने फोटो आणि मजकूर काढून टाकला. गूगल प्लस २०११ मध्ये मोठ्या गाजावाजाने आली आणि एप्रिल २०१९ मध्ये सामान्य वापरकर्त्यांसाठी बंद झाली. मायस्पेसने २०१९ मध्ये मान्य केले की सर्व्हर बदलताना २०१५ पर्यंत चढवलेली गाणी, फोटो नाहीसे झाले. भारतात जून २०२० मध्ये टिकटॉकवर बंदी आली आणि लाखो लोकांनी जमवलेला प्रेक्षक एका रात्रीत दिसेनासा झाला. 'कू' ही भारतीय साइट जुलै २०२४ मध्ये थांबली. यांतल्या बहुतेक वेळी वापरणाऱ्याची काही चूक नव्हती.

म्हणून नियम असा: ओळख साइटवर व्हावी, पण ती साइटवरच राहू नये. ज्यांच्याशी संबंध टिकवायचा आहे त्यांचा फोन किंवा ईमेल विचारून वेगळा लिहून ठेवावा, अगदी वहीत लिहिला तरी चालेल. फेसबुक, इन्स्टाग्राम, लिंक्डइन या सर्वांवर आपल्या माहितीची प्रत उतरवून घेण्याची सोय आहे. वर्षातून एकदा, दिवाळीच्या साफसफाईबरोबर म्हणा, ती प्रत काढावी. लिंक्डइनच्या प्रतीत ओळखीच्या लोकांची नावे येतात, पण त्यांनी परवानगी दिलेली नसेल तर ईमेलचा रकाना रिकामाच राहतो. तेव्हा विचारून घेण्याला पर्याय नाही.

वय आणि कायदा

फेसबुक, इन्स्टाग्रामवर खाते काढण्याचे किमान वय १३ आणि लिंक्डइनवर १६ आहे. एखाद्या देशाच्या कायद्याने जास्त वय सांगितले असेल तर ते धरावे, असे लिंक्डइनच्या अटींतच लिहिले आहे. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार १८ वर्षांखालील प्रत्येक जण मूल धरला जातो. मुलांची माहिती वापरण्यापूर्वी कंपनीने पालकांची पडताळता येईल अशी संमती घ्यावी, मुलांवर पाळत ठेवू नये आणि त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखवू नयेत, असे हा कायदा सांगतो. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले असून तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू व्हायच्या आहेत.

कंपन्यांनीही काही पावले उचलली आहेत. इन्स्टाग्रामने सप्टेंबर २०२४ मध्ये किशोरांसाठी वेगळी खाती जाहीर केली. फेब्रुवारी २०२५ मध्ये ती भारतात आणण्यात आली. अशा खात्यावरचा मजकूर मुळातच खासगी असतो आणि अनोळखी माणसांना निरोप पाठवता येत नाही. ऑस्ट्रेलियाने तर १० डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालील मुलांना प्रमुख साइटवर खाते ठेवण्यास मनाई केली आहे.

हे सगळे संरक्षण एका क्षणात निरुपयोगी होते: मुलाने जन्मसाल खोटे लिहिले की. तेरा वर्षांच्या मुलाने वीस लिहिले तर साइट त्याला वीस वर्षांच्या माणसासारखे वागवते. जाहिराती, निरोप, अनोळखी लोक, सगळे त्याच हिशोबाने येते. काही घरांत पालकच हसत हसत खोटे साल टाकून देतात. विनंती आहे, तसे करू नये.

खाते काढायचे ठरले, तर

विद्यार्थी मित्रांनो, वय झाले आहे, घरी विचारले आहे, आणि व्यावसायिक साइटवर जायचे ठरले आहे, असे धरून चालू.

१. आधी हेतू ठरवा. "सगळे आहेत म्हणून" हा हेतू नव्हे. "मला वास्तुशास्त्राची कॉलेजे कशी आहेत ते शिकलेल्या लोकांकडून जाणून घ्यायचे आहे," हा हेतू झाला. लिंक्डइनवर बऱ्याच कॉलेजांच्या पानावर माजी विद्यार्थ्यांची यादी असते. ते कुठल्या शहरात, कुठल्या कामात आहेत हे दिसते. प्रवेश घेण्यापूर्वी कॉलेजच्या जाहिरातीपेक्षा ही यादी जास्त खरे सांगते.

२. खरे तेवढेच लिहा. नाव, शाळा, आवडीचे विषय, केलेला एखादा प्रकल्प, येणाऱ्या भाषा. इंदूरच्या मुलाला मराठी, हिंदी आणि इंग्रजी येणे ही मोठी जमेची बाजू आहे. ती लिहायला संकोच करू नका. न केलेले काम, न मिळालेले बक्षीस लिहू नका. हे पान पुढे दहा वर्षे लोक वाचतात. घरचा पत्ता, जन्मतारीख, आधार कार्ड, गुणपत्रिकेचा फोटो यांतले काहीही पानावर नको.

३. फोटो साधा, चेहरा स्पष्ट दिसणारा. गणवेशातला किंवा ओळखपत्र गळ्यात असलेला नको. गणवेशावरून शाळा कळते, शाळेवरून येण्या-जाण्याची वेळ कळते.

४. विनंती पाठवताना दोन ओळी लिहा. नुसते बटण दाबू नका. उदाहरणार्थ: "नमस्कार ताई, मी आपल्याच शाळेत बारावी विज्ञानला आहे. आपण फार्मसी केलेत असे आपल्या पानावर वाचले. या शाखेत प्रयोगशाळेचे काम किती असते, हे जाणून घ्यायचे आहे. सवडीने उत्तर दिलेत तर आभारी होईन." आपण कोण, त्यांनाच का लिहिले आणि नेमके काय हवे आहे, हे तिन्ही त्यात आले. पहिल्याच निरोपात नोकरी किंवा शिफारस मागू नका. उत्तर आले तर आभार माना; आले नाही तर एकदा आठवण द्या आणि विषय सोडा.

५. कुणाचे पान उघडले की लिंक्डइन बहुधा त्या माणसाला कळवते. हे ठाऊक असावे. नको असेल तर ती सोय बंद करता येते.

६. पासवर्ड प्रत्येक साइटचा वेगळा ठेवा आणि दुहेरी पडताळणी सुरू करा. २०१२ मध्ये लिंक्डइनमधून पासवर्ड चोरीला गेले. आधी ६५ लाख म्हटले गेले. २०१६ मध्ये कळले की आकडा ११ कोटी ७० लाखांच्या घरात होता. एकच पासवर्ड चार ठिकाणी वापरणाऱ्यांची चारही कुलपे एकदम उघडली जाऊ शकतात.

७. नोकरी देणारा कधी पैसे मागत नाही. नोंदणी, अनामत, प्रशिक्षण, लॅपटॉपचे तारण, अशा कोणत्याही नावाखाली पैसे मागितले की तिथेच थांबा. घरबसल्या व्हिडिओला पसंती देऊन रोज हजारो रुपये मिळतात, असे सांगणारा निरोप फसवणुकीचाच असतो. आधी थोडे पैसे देऊन विश्वास बसवला जातो, मग मोठी रक्कम काढून घेतली जाते. असे घडलेच तर लाजून गप्प बसू नका. १९३० या सरकारी मदत क्रमांकावर ताबडतोब फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त. मुलांच्या कोणत्याही अडचणीसाठी १०९८ हा क्रमांक आहे.

८. लिहिण्यापूर्वी थांबा. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरच्या दोन तरुणींना मुंबईतील बंदविषयी फेसबुकवर लिहिलेल्या मजकुरावरून अटक झाली; एकीने लिहिले होते, दुसरीने त्याला फक्त पसंती दिली होती. पुढे ज्या कलमाखाली अशा अटका होत ते ६६ अ हे कलम सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१५ मध्ये रद्द केले. न्याय मिळाला, पण तोवर जे सोसावे लागले ते सोसावेच लागले. आपण चार मित्रांसाठी लिहितो, वाचतात मात्र चार हजार.

पालकांसाठी

पालकहो, बंदी घालणे आणि मोकळे सोडणे याच्या मधली वाट म्हणजे बरोबर बसणे. खाते काढताना मुलाशेजारी बसा. कोण पाहू शकतो, कोण निरोप पाठवू शकतो, ही पाने दोघांनी मिळून वाचा. नकोसा निरोप आला तर काय करायचे ते आधीच बोलून ठेवा. आणि मुख्य म्हणजे, तसे सांगायला आल्यावर फोन काढून घेणार नाही, हे वचन द्या. फोन जाईल या भीतीने मुले सांगत नाहीत, आणि फसवणाऱ्याला हवे असते ते नेमके तेच.

दुसरे, आपल्याकडूनही थोडा संयम हवा. मुलांचे निकाल, शाळेच्या बसथांब्यावरचे फोटो, वाढदिवसाची तारीख आपणच टाकत असू तर मुलांना खासगीपणाचे धडे देण्याला अर्थ राहत नाही. आठवी-नववीच्या मुलांना त्यांचा फोटो टाकण्यापूर्वी विचारावे. त्यांनी 'नको' म्हटले तर तो मान ठेवावा. आपल्या माहितीवर आपला हक्क असतो, हे ती तिथेच शिकतात.

विश्वस्त मंडळासाठी

माजी विद्यार्थ्यांचे जाळे ही आपल्यासारख्या शाळेची मोठी ठेव आहे. महाराष्ट्राबाहेरच्या मराठी शाळेला पटसंख्येची चिंता असते. अशा वेळी बाहेर पडलेल्या पिढ्या हाच तिचा आधार. हे जाळे केवळ एखाद्या साइटवरील समूहावर किंवा व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर अवलंबून ठेवणे धोक्याचे आहे. ऑर्कुटबरोबर कितीतरी शाळांचे समूह गेले, हे विसरून चालणार नाही.

म्हणून तीन सूचना. पहिली, शाळेने स्वतःची माजी विद्यार्थी नोंदवही ठेवावी: नाव, बाहेर पडल्याचे साल, क्षेत्र, गाव, फोन वा ईमेल, आणि ही माहिती कुणाला देण्यास संमती आहे त्याची स्पष्ट नोंद. संगणकावर एक प्रत, कार्यालयात एक छापील प्रत. साइटवरील पान हे त्या नोंदवहीचे दार असावे, नोंदवही नव्हे. दुसरी, शाळेच्या नावाचे कोणतेही पान एकाच उत्साही व्यक्तीच्या खाजगी खात्यावर चालू नये. किमान दोघांकडे अधिकार असावेत आणि पदाधिकारी बदलताना जसा हिशेब सोपवला जातो तसे पासवर्डही लेखी सोपवले जावेत. तिसरी, मुलांचे फोटो टाकण्यापूर्वी वर्षाच्या सुरुवातीला पालकांची लेखी संमती घ्यावी, आणि फोटोखाली पूर्ण नाव व वर्ग एकत्र देऊ नये.

शिवाय दहावी-बारावीच्या ज्या मुलांचे वय अजून साइटवर जाण्याचे नाही, त्यांच्यासाठी ही नोंदवहीच नेटवर्क ठरेल. वर्गशिक्षक त्यातून योग्य माणूस शोधून, त्याला विचारून, गाठ घालून देऊ शकतील. काम तेच होईल, फक्त मध्ये ओळखीचा माणूस असेल.

शेवटी

साइट येतील आणि जातील. आज जी गाजते आहे ती आपल्या पाचवीतल्या मुलांच्या कॉलेजच्या वयात असेलच असे नाही. पण दूरच्या ओळखीला मान द्यावा, विचारणाऱ्याला वाट दाखवावी, आपल्याकडे आलेले पाकीट पुढच्या हाती पोहोचवावे, ही सवय ज्याला लागली त्याचे नेटवर्क कोणत्याही साइटबरोबर बंद पडत नाही. खाते काढा, जरूर काढा. वय झाल्यावर, हेतू ठरवून आणि घरी सांगून. आणि एखाद्या दिवशी आपल्याच शाळेच्या एखाद्या मुलाचा किंवा मुलीचा "नमस्कार दादा" किंवा "नमस्कार ताई" असा निरोप आला, तर त्याला उत्तर नक्की द्या.